जोडीला की मापाला

ती. अण्णांना,


फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला तुमच्याशी ओरडून बोलवत नाही, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी भिंग जवळ घेऊन बसा. परवा मी तीनदा सांगितलं, "अण्णा, मी एइबारला जाऊन आले," आणि तिन्ही वेळा तुम्ही विचारलंत, "कुठल्या बाजारात?" बाजार नव्हे हो, गाव आहे ते. स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या मुलखात. कंपनीच्या कामासाठी ग्राइंडिंग मशीन बघायला मी शेजारच्या एल्गोइबारला गेले होते. तो सगळा पट्टाच मशीन टूल्सचा. काम आटोपलं, एक दुपार मोकळी मिळाली, आणि एइबारला शस्त्रोद्योगाचं संग्रहालय आहे असं कळलं. मग मी दुसरीकडे कुठे जाणार होते? मुलगी कुणाची आहे मी?

गाव तुम्हाला आवडलं असतं. दोन डोंगरांच्या फटीत वसलेलं, मधून एगो नावाची लहानशी नदी, सपाट जागा जवळजवळ नाहीच. त्यामुळे इथले कारखाने आडवे पसरले नाहीत, उभे चढले. एकावर एक मजले आणि मजल्यामजल्यावर वर्कशॉप. पंधराव्या-सोळाव्या शतकापासून हे लोक बंदुका करताहेत. पूर्वी कामाच्या वाटण्या ठरलेल्या असत: नळीवाले वेगळे, चापवाले वेगळे, लाकडी दस्तेवाले वेगळे आणि शेवटी सगळं जुळवणारे वेगळे. पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षी काढणारेही इथलेच. पण तुम्ही बरोबर असतात तर नक्षीपुढे थांबला नसतात, हे मला माहीत आहे. तुम्ही जिथे थांबला असतात तिथेच मी थांबले.

दिसायला काही नाही त्या पिस्तुलात. काळपट, बसकं, ब्राउनिंगच्या १९०३ च्या पिस्तुलावर बेतलेलं. नाव रुबी. १९१४ मध्ये एइबारच्या गाबिलोंदो इ उरेस्ती या कारखान्याने ते बाजारात आणलं. गोळी ७.६५ मिलिमीटरची, म्हणजे लहानच, पण मॅगझिन लांब, नऊ गोळ्यांचं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं, फ्रान्सला पिस्तुलं कमी पडायला लागली आणि १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याची ऑर्डर आली: महिन्याला १०,००० नग. पुढे ती ३०,००० पर्यंत गेली. महिन्याला ३०,०००, अण्णा! या फटीतल्या गावातून! एका कारखान्याला ते झेपणार कसं? त्यांनी आधी चौघांना काम वाटून दिलं. त्यातला एक कारखाना एल्गोइबारचा, मी उतरले होते त्या गावातला. मग बाकीचेही शिरले. शेवटी चाळीसहून अधिक कारखाने एकच पिस्तूल करत होते. फ्रान्सने घेतलेल्या नगांची बेरीज सात लाखांच्या घरात जाते.

आता तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. तुम्ही विचारणार, "ड्रॉइंग कुणाचं? मास्टर गेज कुणाकडे?"

तिथेच सगळं अडलं. सगळ्यांना बांधेल असं एक माप नव्हतं. प्रत्येकाकडे आपापला नमुना, आपापली कानस आणि आपापला हात. एका कारखान्याचं मॅगझिन दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात बसेल याची खात्री नाही. कुठे घट्ट, कुठे ढिलं, कुठे खालचा खटका लागायचाच नाही. फ्रेंचांनी यावर काय केलं माहीत आहे? प्रत्येक कारखान्याला दोन अक्षरं दिली आणि ती पिस्तुलावरही ठोकायला लावली, मॅगझिनच्या बुडावरही. गाबिलोंदो इ उरेस्तीची जी आणि यू. अक्षरं जुळली तरच घाला.

ते वाचताना मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. आईचे ते सात पितळी डबे. दिसायला एकसारखे, पण हळदीच्या डब्याचं झाकण मेतकुटाच्या डब्याला कधी बसलं का? तुम्हीच एका रविवारी पंच आणि हातोडी घेऊन बसलात आणि प्रत्येक डब्यावर आणि त्याच्या झाकणावर जोडीचे ठिपके मारलेत. एक ठिपका, दोन ठिपके, तीन. आई अंधारातही बोट फिरवून झाकण लावायची. पण स्वयंपाकघर वेगळं आणि खंदक वेगळा. रात्री चिखलात शेजारचा पडलाय, त्याचं भरलेलं मॅगझिन हाताला लागलंय, अशा वेळी तो फ्रेंच पोरगा बुडावरची अक्षरं कुठे चाचपत बसणार होता?

आणि मग मला तो चौकोन आठवला. त्यासाठीच खरं हे पत्र आहे.

१९८४ साल. मी नववीत. टेक्निकल हायस्कूलला फिटिंगच्या वर्गात आम्ही तीनच मुली. सरांनी जॉब दिला होता: माइल्ड स्टीलच्या प्लेटमध्ये चौकोनी खाच आणि त्या खाचेत बसणारा चौकोन. तीन आठवडे मी कानस मारत होते. तळहाताला फोड आले, ते फुटले, तिथे घट्टे पडले. गुण्या लावायचा, उजेडात धरायचं, पुन्हा दोन हात. शेवटी चौकोन खाचेत असा गेला की रेघसुद्धा दिसेना. सरांनी शाबासकी दिली. मी तो जॉब जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळून घरी आणला आणि फॅक्टरीचा भोंगा व्हायची वाट बघत दारात बसले.

तुम्ही सायकल भिंतीला लावलीत, हातसुद्धा न धुता जॉब घेतलात आणि खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरलात. उजेड नव्हता. तुमच्या भुवया वर गेल्या, ते मी पाहिलं. खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला जगात दुसरं काही नको होतं. मग तुम्ही चौकोन बाहेर काढलात, एक पाव फिरवलात आणि पुन्हा आत घालायला गेलात. तो अडकला. अजून एक पाव फिरवलात. या वेळी गेला, पण कडेने उजेडाची बारीक तार दिसली. तुम्ही जॉब माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "हे जोडीला घासलंय, मापाला नाही. चारही बाजूंनी बसलं पाहिजे."

एवढंच. मग हातपाय धुवायला गेलात.

अण्णा, तळहात तरी बघायचात माझे.

चाळीस वर्षं हे बोलले नाही. आता कागदावर आहे म्हणून बोलते. त्या रात्री आईने माझ्या हाताला तूप लावलं आणि म्हणाली, "ते दिवसभर हेच करतात गं, त्यांना दुसरं दिसत नाही." खरंच होतं तिचं. तुम्ही खडकीच्या काडतुसांच्या कारखान्यात रोज गेज घेऊन बसायचात. गो आत गेलं पाहिजे, नो-गो आत जाता कामा नये, मधला मार्ग नाही. काडतूस कुणी केलं, कुणाच्या शिफ्टचं, त्याची आई आजारी आहे का, हे गेज विचारत नाही. तुम्ही म्हणायचात, "हे इथून कुठे जाणार, कुणाच्या हातात पडणार, मला ठाऊक नाही. म्हणून ते कुणाच्याही हातात चाललं पाहिजे." नववीतल्या मुलीला ते कळलं नाही. रुबीच्या काचेपुढे उभी होते तेव्हा कळलं. ती सात लाख पिस्तुलं म्हणजे माझाच चौकोन होता. आपापल्या जोडीला घासलेला.

पण थोडं माझंही ऐका. तुम्ही एइबारच्या माणसांना एका शब्दात नापास कराल, आणि ते मला पटणार नाही. त्यांच्यातले काही घाईत वाईट माल खपवत होते हे खरं. पण ज्याने आपलं पिस्तूल आपल्या मॅगझिनला रात्रभर बसून जुळवलं, त्याच्या हाताला तुम्ही काय नाव ठेवणार? मॅगझिन म्हणजे काय, तर पातळ पत्र्याची पेटी, आत एक स्प्रिंग, स्प्रिंगवर गोळ्यांना वर रेटणारी पट्टी आणि तोंडाशी आत वळवलेले दोन ओठ. त्या ओठांत केसभर फरक पडला की गोळी वाकडी येते आणि सगळं ठप्प होतं. तुम्हीच सांगायचात ना, पिस्तूल अडकलं की लोक पिस्तुलाला शिव्या घालतात, बघायची आधी पेटी? त्या पेटीचं काम त्यांनी डोळ्यांनी आणि बोटांनी केलं. मास्टर गेज नव्हतं हा काही व्हाइसपाशी उभ्या असलेल्या माणसाचा गुन्हा नव्हे.

एक गंमत सांगते, तुम्हाला आवडेल. मॅगझिन हा शब्द मूळ अरबी. मखज़न म्हणजे कोठार, साठवणीची जागा. आणि आपला खजिना? त्याच धातूपासून आलेला. म्हणजे तुम्ही आयुष्यभर ज्याच्यासाठी गोळ्या तपासल्यात, तो एक लहानसा खजिनाच होता.

बरं, पुढची काच. मॅगझिन बदलायचा एवढा त्रास, तर ते सुटं करूच नये, असंही या लोकांनी करून पाहिलं. जर्मनांचं माउझर सी ९६ तुम्हाला फोटोवरून आठवेल: लांब नळी, मागे गोल लाकडी मूठ आणि मॅगझिन मुठीत नाही, चापाच्या पुढे, सांगाड्याचाच भाग. वरून दहा गोळ्यांची पट्टी धरायची, अंगठ्याने गोळ्या आत दाबायच्या आणि पट्टी काढून टाकायची. पेटी निघतच नाही, त्यामुळे हरवत नाही आणि दुसऱ्याची बसेल का हा प्रश्नही उरत नाही. चीनमध्ये या पिस्तुलाला भारी मागणी. १९१९ ते १९२९ या काळात बड्या देशांनी चीनला शस्त्रं विकायची नाहीत असा करार केला होता. रायफली मिळणं अवघड झालं, पिस्तुलं मात्र पोचत राहिली. आणि हे पिस्तूल ठेवायची लाकडी पेटी मागे जोडली की पिस्तुलाची छोटी रायफल होते. तिथल्या युद्धखोर सरदारांना दुसरं काय हवं होतं? चिनी लोक त्याला पेटीतोफ म्हणायचे.

१९२७ च्या सुमारास बास्क कारखान्यांनी तसंच पिस्तूल करायला घेतलं. एइबारच्या बेइस्तेगी बंधूंचं रॉयल आणि गेर्निकाच्या उन्सेतांचं ॲस्ट्रा ९००. वरून बघाल तर माउझरच. पण आत? माउझरचे भाग एकमेकांत अडकवून बसवलेले, पिना-स्क्रू जवळजवळ नाहीत. ते करायला फार बारीक मापाचं मशीनिंग लागतं. ॲस्ट्रावाल्यांनी डाव्या अंगाला सरकून निघणारी प्लेट दिली, आत पिना आणि स्क्रू वापरले आणि आपल्याला जमेल असं यंत्र उभं केलं. याला नुसती नक्कल म्हणू नका. स्वतःचा हात ओळखून केलेलं काम आहे ते.

मग हाव सुटली. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतील अशी सोय आली, आणि दहा गोळ्या डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपायला लागल्या. म्हणून ॲस्ट्रा ९०२: मॅगझिन तिथंच, सुटं न होणारं, पण खाली लांबवून वीस गोळ्यांचं केलेलं. चापापुढे ही एवढी पेटी लोंबतेय! भरायची तरी वरूनच, दोन पट्ट्या एकामागून एक. वीस गोळ्यांखाली दबलेली ती स्प्रिंग किती दिवस ताठ राहत असेल, हे मला तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही स्प्रिंगची पोलादी तार बोटाने वाकवून सांगायचात. पुढच्या ९०३ ला शेवटी सुटं मॅगझिन दिलं, दहाचं किंवा वीसचं. म्हणजे फिरून चौकोन आणि खाच. १९३४ च्या आसपास सिव्हिल गार्डसाठी मॉडेल एफ केलं, त्यात तर मुठीच्या आत गोळ्या सुटण्याचा वेग कमी करणारी यंत्रणा बसवली. आधी वेग वाढवला, मग तो आवरायला यंत्र.

स्पेनच्या सैन्याचंही असंच चाललं होतं. १९०५ मध्ये त्यांनी बर्गमान पिस्तूल पसंत केलं, मॅगझिन चापापुढे, सहा गोळ्यांचं आणि सुटं. त्या पिस्तुलाबरोबर आलेली ९ मिलिमीटरची लांब गोळी मात्र त्यांनी सोडली नाही. पिस्तुलं बदलली, गोळी तीच. मग त्यांच्याच एका अधिकाऱ्याने, काम्पो-खिरोच्या काउंटने, नवीन पिस्तूल रचलं. मॅगझिन मुठीत गेलं. १९१३ च्या नमुन्यात मॅगझिन सोडायचा खटका चापाच्या मागे होता, १९१६ च्या सुधारणेत तो मुठीच्या बुडाशी नेला. तुम्ही म्हणाल, मागे का गेले? बुडाशी खटका असला की दोन्ही हात लागतात, वेळ जातो. पण चुकून धक्का लागून मॅगझिन चिखलात पडत नाही आणि शिपाई ते हरवत नाही. १९२१ चं ॲस्ट्रा ४०० आलं तेही खटका बुडाशी घेऊनच. आठ गोळ्या, गोल नळीसारखा पुढचा भाग, आणि त्या जबर गोळीला नुसत्या ताकदवान स्प्रिंगने थोपवणारं. ते मागे खेचायला मनगटात जोर लागतो म्हणतात. ॲस्ट्रा म्हणजे लॅटिनमध्ये तारे. मी मात्र काचेवरची पाटी आधी 'अस्त्र' अशीच वाचली.

दुसऱ्या दिवशी मी गेर्निकाला गेले. हे तुम्हाला लिहावं की नाही, यावर दोन रात्री विचार केला.

२६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी दुपारपासून गाव भाजून काढलं. पिकासोचं चित्र त्याचंच. घरं गेली, माणसं गेली. आणि उन्सेतांचा पिस्तुलांचा कारखाना उभाच राहिला. जवळचा पूलही राहिला. तीन दिवसांत फ्रँकोचं सैन्य आलं, कारखाना पुन्हा चालू झाला. पुढच्या महायुद्धात याच गावातून जर्मनीला ॲस्ट्रा ६०० पिस्तुलं गेली, १०,४५०. ज्यांच्या विमानांनी गाव जाळलं त्यांनाच. १९४४ मध्ये जर्मन फ्रान्समधून मागे हटले आणि सीमेवरची वाट बंद झाली, म्हणून आकडा तिथे थांबला. राखेतून चालत कामावर गेलेल्या त्या फिटरांचा विचार मनातून जात नाही. घर नाही, शेजारी नाही, आणि व्हाइसपाशी उभं राहून मॅगझिनचे ओठ तपासायचे.

आई सांगायची, १९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, तुम्ही डबल ओव्हरटाइम करून यायचात आणि जेवता जेवता झोपायचात. आम्हाला ती शौर्याची गोष्ट वाटायची, अजूनही वाटते. पण तुम्हाला कधी प्रश्न पडला का, अण्णा? गो आत गेलं, पास झालं, पुढे कुठे गेलं? मी कधी विचारलं नाही, कारण तुम्ही ट्रान्झिस्टर मोठा कराल अशी भीती वाटायची. आता तुम्हाला ट्रान्झिस्टरही ऐकू येत नाही आणि मी चार हजार मैलांवर आहे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. प्रश्न पोचला तरी पुरे.

एक चांगली गोष्ट सांगते. ॲस्ट्रा आणि त्यांचे शेजारी स्टार, दोन्ही कारखाने १९९७ मध्ये बंद पडले. पण माउझरच्या धर्तीचं रॉयल करणारे ते बेइस्तेगी बंधू? ते सायकली करायला लागले. आडनावाचं पहिलं अक्षर आणि बंधूंना स्पॅनिशमध्ये म्हणतात त्या एर्मानोस या शब्दाचं न उच्चारलं जाणारं पहिलं अक्षर: बीएच. आजही चालते ती कंपनी. ऑर्बेआही १८४० पासून बंदुका-रिव्हॉल्व्हर करणारे, १९३० च्या सुमारास सायकलीकडे वळले. एइबारच्या चढावर एक म्हातारा बीएच सायकल हातात धरून चालत होता. मी थांबून चेनव्हील बघत राहिले, तर त्याने काही न विचारता सायकल उभी केली आणि पेडल उलटं फिरवून दाखवलं. आवाज नाही. तुम्ही शनिवारी फ्री-व्हीलला तेल घालून कान लावायचात ना, तसाच त्यानेही कान लावला होता. मी त्याच्याशी मराठीत बोलले, तो बास्कमध्ये. काही अडलं नाही.

मी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला येते. दादाला म्हणावं, स्टेशनवर यायची गरज नाही. गुडघ्याचं तेल चालू ठेवा आणि कानाचं यंत्र कपाटात नव्हे, कानात ठेवा.

तो चौकोन आणि ती प्लेट माझ्याकडेच आहे. पुण्याहून बंगळुरूला, तिथून इथे, दर बदलीला बरोबर आली. काल ऑफिसातल्या मायक्रोमीटरवर चारही बाजू मोजल्या. त्या संध्याकाळी आत जाता जाता तुम्ही चौकोनाच्या एका कडेवर नुसतं बोट फिरवून एक आकडा म्हणाला होतात. मी तो विसरलेले नाही. तुम्हाला आठवतो का ते कार्डावर लिहा. मग मी माझं माप सांगते.

तुमची
बेबी